दापोलीच्या समुद्रकाठची खोली आणि बुडालेला ॲडव्हान्स

शुक्रवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईहून निघायचं, कर्दे, मुरुड किंवा आंजर्ल्याला समुद्रकाठी दोन रात्री काढायच्या आणि रविवारी जेवून परत फिरायचं. दोघांनीच असा बेत करणाऱ्यांना दापोलीच्या किनाऱ्यावर खोट्या बुकिंगने गंडवलं जातं आणि त्याची एक ठरलेली रीत आहे. ती माहीत असली तर पैसे जाण्याआधी थांबता येतं.

सुरुवात बहुधा नकाशाच्या ॲपवर होते. गावातल्या एखाद्या खऱ्या होमस्टेची नोंद तिथे असते, पण मालकाने ती स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसते. अशा नोंदीत कुणीही बदल सुचवू शकतो. तो मान्य झाला की नाव खरं, पत्ता खरा, फोटो आणि रिव्ह्यूही खरे राहतात. खोटा असतो तो फक्त फोन नंबर. म्हणून ‘रिव्ह्यू चांगले होते’ एवढ्यावर विसंबू नका. दुसरी रीत इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीची: खाजगी पूल, समोर समुद्र आणि भाडं साडेतीन हजार. हे फोटो उचललेले असतात. गुगल लेन्सवर टाकून पाहा, आणि भिंतीवरचे प्लगचे सॉकेट नीट बघा. आपल्याकडे तीन गोल भोकांचं सॉकेट असतं. उभ्या चपट्या भोकांचं दिसलं तर तो फोटो बहुधा परदेशातला आहे.

आता पैशांचं बघा. समजा भाडं दोन रात्रींचं ९,००० ठरलं आणि ४,५०० ॲडव्हान्स गेला. पाच मिनिटांत फोन येतो, ‘सर, पूर्ण रक्कम एकदम आली नाही म्हणून सिस्टिममध्ये बुकिंग कोड तयार होत नाही. ९,००० एकदम टाका, आधीचे ४,५०० लगेच परत येतील.’ ते टाकले की परत मिळणारं डिपॉझिट, मग जीएसटी, मग पावतीत चुकलेला आकडा. आधीचे पैसे सोडवायच्या आशेने माणूस पुढचे भरत जातो आणि मोठं नुकसान इथेच होतं. दुसऱ्यांदा पैसे मागितले की तिथेच हात आखडा. जास्त भरा म्हणजे आधीचे परत मिळतील, असं कोणतंही खरं हॉटेल सांगत नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

ॲडव्हान्स मागितला म्हणजे माणूस खोटा, असं मात्र नाही. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात खरे घरमालकही तो मागतात, कारण लोक न कळवता येत नाहीत आणि खोली रिकामी राहते. फरक बोलण्यात कळतो. गावातली वहिनी किंवा काका विचारतात, ताम्हिणी घाटातून येताय की वरंध्यातून, मासे खाता का, रात्री जेवायला पोहोचाल ना. ठगाला यातलं काहीच नको असतं, त्याला पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हवा असतो. मुरुडची खोली असेल तर सहज विचारा, ‘तुमच्याकडून जंजिरा किती लांब?’ जंजिरा रायगड जिल्ह्यातल्या मुरुडला आहे. दापोलीचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, आणि त्याच्या जवळचा किल्ला म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग. लांबच्या शहरात बसलेला माणूस बेधडक ‘दहा मिनिटं’ म्हणून मोकळा होतो.

पैसे पाठवण्याआधी यूपीआयच्या पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर खातं असणं गावात नेहमीचं आहे. पण घर कोकणातलं, मालक आडनावाने ओळखला जाणारा आणि खातं भलत्याच माणसाच्या नावावर असेल, वर ‘ते आमच्या अकाउंटंटचं आहे’ असं उत्तर आलं, तर थांबा. जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की ज्याच्या नावावर आहे ते नाव दिसतं. लहान होमस्टेला तो नसूही शकतो, पण नंबर नाही आणि तरी जीएसटी मागतोय, हे चालणार नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गावातल्या तिसऱ्याच माणसाला फोन करणं. त्याच गावातली खाणावळ किंवा दुसरा होमस्टे शोधून विचारा, ‘अमुक यांचं घर कुठे आहे, त्यांचा नंबर हाच का?’ लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात आणि लोक आनंदाने सांगतात. जोडीला फाटकापासून खोलीपर्यंत चालत व्हिडिओ कॉल करायला सांगा. रेंजचं कारण पुढे आलं तर सकाळी करा म्हणा. रेंज खरंच जाते, पण दिवसभर नाही.

एवढं करूनही रात्री दहाला पोहोचल्यावर मालक ‘तुमचं बुकिंगच नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याचंही नाव वापरलं गेलंय. ‘या नावाने आमच्याकडे बुकिंग नाही आणि तो नंबर आमचा नाही’ एवढं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तक्रारीला उपयोगी पडतं. खोलीसाठीही त्यालाच विचारा, शेजारपाजारचं एखादं रिकामं घर त्याला माहीत असतं.

त्याआधी मात्र १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. रेंज नसेल तर गाडी घेऊन दापोलीच्या दिशेने वर या. हाताशी ठेवा: व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर (संदर्भ क्रमांक), वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि आपल्या बँकेचं नाव. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि बँकेलाही कळवा. चॅट डिलीट करू नका. गुन्हा आपल्या शहरातल्या पोलिस ठाण्यातही नोंदवता येतो, त्यासाठी दापोलीला राहायची गरज नाही. पैसे आपण स्वतः पिन टाकून पाठवलेले असल्यामुळे, अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मिळणारं संरक्षण इथे सहसा लागू होत नाही. म्हणून सगळी मदार १९३० वर. आणि नंतर ‘रिफंड करून देतो’ म्हणत फोन करणारा बहुधा त्याच टोळीतला असतो.

बुकिंगसाठी दोघांच्या आधारच्या प्रती पाठवल्या असतील तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते तपासा आणि अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला लावा. पुढच्या वेळी फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या, तेही घरात पाऊल ठेवल्यावर.