आजोबांच्या कपाटातला ‘लायका’

जुना फिल्म कॅमेरा विकणारा माणूस ‘मला यातलं काहीच कळत नाही हो’ असं म्हणाला की ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, घबाड हाती लागलं, फक्त चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. एकदा गिऱ्हाईक आपला आनंद लपवण्याच्या नादाला लागलं की ते प्रश्न विचारायचं थांबतं. जास्त विचारलं तर समोरच्याला वस्तूची किंमत कळेल ना! माझी फसवणूक या एका वाक्यावर झाली. नकली कॅमेरा त्यामागून आला.

जाहिरातीत ‘लायका’ हा शब्द, म्हणजे जमवणारे ज्याच्या मागे असतात त्या जर्मन कॅमेऱ्याचं नाव, कुठेही नव्हता. ‘जुना जर्मन कॅमेरा, आजोबांच्या कपाटात सापडला, चालू की बंद माहीत नाही’ एवढाच मजकूर. फोटो मोजकेच. समोरून काढलेला हललेला, चामड्याच्या कव्हराचा अंधारा, तळाचा तिरका. पण वरच्या पत्र्याचा फोटो मात्र लख्ख होता. लायकाचं वळणदार नाव, खाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव अर्न्स्ट लाइट्झ, तिचं गाव वेट्झलार आणि नंबर, एकेक आकडा वाचता येईल असा. ज्याला काही कळत नाही, त्याचा नेमका तेवढाच फोटो इतका चांगला कसा आला, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता खरा.

लायकाच्या कोणत्या नंबराचा कॅमेरा कोणत्या वर्षी बनला, याच्या याद्या सहज मिळतात. मी नंबर ताडून पाहिला. लायका टू, १९३०च्या दशकाची सुरुवात. सगळं चोख जुळत होतं. जुळणारच होतं, कारण त्या याद्या नंबर कोरणाऱ्यालाही मिळतात. नंबर जुळला याचा अर्थ तो नंबर खरा आहे, इतकाच. तो ज्या पत्र्यावर आहे तो पत्रा खरा आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण सगळी मेख त्यातच आहे. लाइट्झ कंपनीतल्या ओस्कार बार्नाकने घडवलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. १९३२ साली लायका टू आला, त्यात लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर होता. म्हणजे लेन्स फिरवली की छोट्या खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात आणि एक झाल्या की फोकस बरोबर. लगेच १९३४ पासून खारकीवमध्ये एका बालवसाहतीच्या कारखान्यात त्याची नक्कल बनू लागली. तिचं नाव फेड. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाची ती आद्याक्षरं. युद्धानंतर, १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झॉर्की नावाची अशीच नक्कल बनू लागली. आकार तोच, फिल्म तळातून भरायची पद्धत तीच, लेन्सचे ३९ मिलिमीटरचे आटेही तसेच. हे कॅमेरे लाखोंनी बनले आणि आजही स्वस्तात मिळतात. वरचा पत्रा घासून रशियन नाव उडवायचं, त्यावर लायकाचं नाव कोरायचं, की झालं काम.

अशा नकलांपैकी ढोबळ नकला कोणीही ओळखेल. सोन्याचा मुलामा, गरुड, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकची वर्तुळं, सापाच्या कातडीसारखं आवरण. गंमत म्हणून त्या जाणूनबुजून जमवणारेही आहेत, त्यात काही वावगं नाही. माझ्याकडे आलेल्या कॅमेऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. साधा काळा रंग, कडांना पितळ उघडं पडलेलं. सुरुवातीचे लायका टू काळे असत, तेव्हा तेही बरोबर. भडक नकला पाहून आपण मनात एक चाळणी तयार करतो आणि साधी नकल तिच्यातून अलगद खाली उतरते.

भेटायची वेळ त्याने संध्याकाळची ठरवली, जागाही त्यानेच. उजेड बेताचा. माणूस अगदी नम्र. ‘सर, तुम्हीच बघा, मला काय कळतंय,’ असं म्हणत कॅमेरा माझ्या हातात दिला. मी शटर दाबून पाहिलं, छान वाजलं. लेन्स काढू लागलो तर तो घाईने म्हणाला, ‘सर, जपून हं, ती घट्ट बसलीय. आजोबा गेल्यापासून कोणी काढलेली नाही. आटे गेले तर माझं नुकसान.’ मी हात मागे घेतला. मग ठेवणीतलं दुसरं वाक्य आलं: ‘एक जण जास्त द्यायला तयार आहे, पण तुम्ही कदर करणारे वाटता.’

त्याने सांगितलेली किंमत खऱ्या लायकाच्या साधारण निम्मी होती. झॉर्कीच्या मानाने ती कितीतरी पट होती, पण तेव्हा झॉर्की माझ्या डोक्यातच नव्हता. ज्याला खरोखर काही कळत नाही, तो एक तर भंगाराचा भाव सांगतो नाहीतर अव्वाच्या सव्वा, कारण त्याने कुठेतरी काहीतरी ऐकलेलं असतं. अजाण माणसाचा आकडा बाजारभावाच्या नेमका निम्म्यावर येऊन बसत नाही. निम्मी किंमत ठरवायला आधी पूर्ण किंमत माहीत असावी लागते. पैसे त्याने रोख मागितले, जाहिरातीच्या साइटवरून व्यवहार नको म्हणाला, ‘उगाच त्यांचं कमिशन कशाला?’ मलाही तेव्हा ते सोयीचंच वाटलं.

सर्व्हिसिंगसाठी कॅमेरा एका जुन्या कारागिराकडे नेला. काका म्हणजे उभी हयात यांत्रिक कॅमेरे उघडण्यात घालवलेले गृहस्थ. त्यांनी लेन्स सहज दोन बोटांनी फिरवून काढली. घट्टबिट्ट काही नव्हती. मग कॅमेरा टेबलावरच्या दिव्याखाली धरला, माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या जागेच्या, तोंडातून आत वरच्या बाजूला चिमट्याचं टोक दाखवलं आणि म्हणाले, ‘हे बघा, चाक आहे का?’

लेन्सची मागची कड आत जिथे टेकते, तिथे रेंजफाइंडरची एक छोटी भुजा असते. खऱ्या लायकात तिच्या टोकाला गोल, फिरतं चाक असतं. फेड आणि झॉर्कीत त्या जागी पाचरीसारखा धातूचा तुकडा असतो, तो फिरत नाही. माझ्या कॅमेऱ्यात पाचर होती. म्हणजे तो निघाला झॉर्की. ‘वरचं सगळं बदलता येतं, पण हे बदलायला फार खटाटोप, म्हणून कोणी बदलत नाही,’ काका म्हणाले. लेन्स का काढू दिली नव्हती, त्याचा उलगडा तिथेच झाला.

मग त्यांनी माझं बोट धरून वरच्या पत्र्यावर नावाच्या जागेवरून फिरवलं. तिथे पत्रा अगदी किंचित खोलगट लागत होता. आधीचं नाव घासून काढल्याची खूण. डोळ्यांना ती दिसत नव्हती, नखाला मात्र कळत होती. कडांना उघडं पडलेलं पितळ भिंगाखाली पाहिलं तर त्यावर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेषा, पॉलिश पेपरच्या. हाताळून झिजलेलं पितळ गुळगुळीत असतं आणि बोटं लागतात तिथेच झिजतं. इथे सगळ्या कडा सारख्याच झिजलेल्या.

लेन्सचीही तीच कथा. पुढच्या रिंगवर लायकाच्या लेन्सचं नाव, एल्मार ५० मिलिमीटर, एफ ३.५. खऱ्या एल्मारमध्ये ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या, पात्या पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात, पहिल्या आणि दुसऱ्या भिंगाच्या मध्ये. सोव्हिएत लेन्समध्ये त्या आणखी एक भिंग मागे. समोरून पाहताना पात्या किती खोल दिसतात, एवढं पाहिलं तरी पुरे. रिंग बदलून एल्मार करता येतो, पात्यांची जागा बदलता येत नाही.

वर लेन्सच्या आत धुकंही होतं. जाहिरातीतल्या फोटोत काच स्वच्छ दिसत होती, कारण फोटो समोरून, मागे काळं ठेवून काढला होता. लेन्सचा दोष समोरच्या उजेडात दिसत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडायचं, मागून तिरका टॉर्च मारायचा आणि पुढून पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्या तर बुरशी. सगळीकडे पातळ दुधाळ पडदा असेल तर हेझ, वंगणाची वाफ काचेवर बसल्याने येतो तो, आणि बऱ्याचदा साफ होतो. कडेला इंद्रधनुषी चट्टे असतील तर दोन भिंगांमधला चिकटपदार्थ सुटलाय, आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च बहुतेक लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होतो. बुरशी वेळीच काढली तर ठीक, पण ती काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाऊन गेली असेल तर साफ केल्यावरही डाग राहतात.

मी विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर तत्काळ आलं, तेही तितकंच नम्र. ‘सर, मी आधीच सांगितलं होतं, मला यातलं काही कळत नाही. मी लायका म्हटलंच नव्हतं. तुम्हीच म्हणालात.’ जाहिरात पुन्हा वाचली. खरंच, त्याने कुठेच म्हटलं नव्हतं. ‘काही कळत नाही’ हे वाक्य विकताना आमिष होतं आणि नंतर ढाल झालं. पुढच्या मेसेजला उत्तर नाही, मग नंबर ब्लॉक.

काही काळाने कॅमेऱ्यावरचा तोच नंबर दुसऱ्या एका जाहिरातीत दिसला. कॅमेरा वेगळा, काळ्या रंगाचे पोपडे वेगळे, नंबर तोच, आणि या वेळी कपाट आजोबांचं नव्हतं, मामांचं होतं. म्हणजे एखादा खरा लायका कुठेतरी निवांत बसला असेल आणि त्याचा नंबर पुन्हा पुन्हा कोरला जात असेल. आता खरेदीआधी मी नंबर यादीत तर पाहतोच, शिवाय तसाच्या तसा सर्च करून आणखी कुठे झळकलाय का, तेही पाहतो.

विक्रेत्याकडून एक वाक्य लिहून घ्या: ‘हा अमुक कंपनीचा अमुक मॉडेल आहे, मूळ आहे, तसं नसेल तर परत घेईन.’ खरोखरच ज्याला माहीत नाही, तो ‘मला खात्री नाही, तुम्ही तपासून घ्या, कोणाला दाखवायचा तर दाखवा’ असं म्हणतो आणि लेन्स काढून माउंटच्या आतला फोटो विनातक्रार पाठवतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस तुम्ही स्वतः ‘लायका’ म्हणण्याची वाट पाहतो. तुम्ही म्हणू नका.

किमतीबद्दल थोडं. जाहिरातीतली मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नाही, ती विकणाऱ्याची इच्छा असते. ती वस्तू प्रत्यक्ष कितीला विकली गेली, ते शोधावं. त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा करावा, कारण ‘चालू आहे’ म्हणजे बहुतेक वेळा ‘शटर वाजतं’ इतकंच. शटर वाजणं आणि वेळ बरोबर देणं यात फार अंतर आहे. एक सेकंदाचा वेग असलेल्या कॅमेऱ्यात तो लावून ऐका, वंगण सुकलं असेल तर शटर अर्ध्यात अडखळतं. कापडी पडद्याचं शटर असेल तर लेन्स काढून अंधारात पडद्यावर टॉर्च मारा, मागचं दार उघडं ठेवून सुईएवढे ठिपके चमकतात का बघा. ऑलिंपस ओएम-वनमध्ये प्रिझमवरचा फोम कुजून त्याची चांदी खातो, ते व्ह्यूफाइंडरमध्ये डोकावल्याबरोबर दिसतं. कॅनन एई-वनचं शटर दाबताना चिरकलं तर सर्व्हिसिंग ठरलेलंच. उजेड मोजणारे जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले, ते सेल आता बनत नाहीत, आणि १.५ व्होल्टचा सेल घातला तर बरेच मीटर चुकीचं सांगतात. ‘मीटर चालू’ याचा अर्थ काटा हलतो, एवढाच धरावा.

आणि विशेषणांचं काय सांगावं! एका जाहिरातीत पेंटॅक्सची जुनी लेन्स, सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४, ‘दुर्मिळ सोनेरी कोटिंग’ म्हणून जास्त दराने लावलेली पाहिली. त्या लेन्सच्या एका काचेत थोरियम असतं आणि वर्षांनुवर्षांत ती पिवळी पडते, सोनंबिनं काही नाही. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवली की तो पिवळेपणा बराच उतरतो.

माझा झॉर्की काकांनी साफ करून दिला, रेंजफाइंडरही जुळवला. विकायचा का, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. मूळ नाव असलेल्या झॉर्कीला झॉर्कीची किंमत येते, या घासलेल्याला तीही नाही, आणि खरं सांगून विकला तरी पुढचा घेणारा तो कोणाला काय सांगून विकेल याचा नेम नाही. म्हणून तळाचं झाकण उघडून आत, फिल्म भरताना दिसेल अशा जागी, त्यांनी टोकदार सुईने ‘झॉर्की’ असं कोरून टाकलं. फोटो मात्र तो बरे काढतो.