शकुनाचे इंग्रजी शब्द : दादरच्या एका अभ्यासवर्गाविषयी

मार्च महिन्यातील चार शनिवारी संध्याकाळी, दादर पश्चिमेला स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावरील एका लहानशा सभागृहात इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा एक वर्ग भरला होता. विषय मुद्दामच नेमका ठेवलेला होता : शकुन, अपशकुन आणि पुढे घडणाऱ्या गोष्टींची सूचना यांच्याशी नाते असलेले इंग्रजी शब्द, त्यांचे मूळ अर्थ आणि ते अर्थ सरकत गेले त्या वाटा. दोन-दोन तासांची चार सत्रे होती आणि शुल्क पंधराशे रुपये होते. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, आणि मला या वर्गापर्यंत नेले ते एका अडलेल्या वाक्याने. एका कादंबरीतील ‘ऑमिनस सायलेन्स’साठी मी ‘अपशकुनी शांतता’ असे लिहिले होते. संपादकांनी त्या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करून समासात नुसते प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. माणसाला अपशकुनी म्हणतात, मांजराला म्हणतात, पण शांततेला तसे कोणी म्हणत नाही, हे मलाही कळत होते. दुसरा शब्द मात्र सुचत नव्हता.

पहिले सत्र ‘ओमेन’ या एकाच शब्दावर होते, आणि संपूर्ण वर्गातील तेच सर्वांत भरीव सत्र ठरले. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात थेट लॅटिनमधून आला. आज आपण त्याचा अर्थ ‘शकुन’ असा सरसकट करतो. परंतु रोमन लोकांच्या काटेकोर वापरात ‘ओमेन’ म्हणजे मुख्यतः कानावर अवचित पडलेला शब्द, बोलणाऱ्याच्या मनात नसलेला पण ऐकणाऱ्याला लागू पडणारा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील पंडित वारो याने या शब्दाचे जुने रूप ‘ओस्मेन’ असल्याचे सांगून त्याचा संबंध ‘ओस’ म्हणजे तोंड या शब्दाशी जोडला होता. आजच्या भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती निर्विवाद वाटत नाही, आणि शिकवणाऱ्या बाईंनी ते स्पष्टपणे सांगितले, हे मला फार आवडले. व्युत्पत्ती पक्की नसली, तरी बोललेल्या शब्दात शकुन पाहण्याची रोमन सवय मात्र पक्की आहे, हा भेद त्यांनी नीट समजावला.

त्यासाठी त्यांनी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने नोंदवलेला प्रसंग सांगितला. इसवी सनापूर्वी 55 मध्ये क्रासस हा सेनापती पार्थियाच्या मोहिमेसाठी ब्रुंडिसियम बंदरात जहाजावर सैन्य चढवीत होता. त्या वेळी धक्क्यावर एक विक्रेता कौनस गावचे अंजीर विकण्यासाठी ‘कौनेआस, कौनेआस’ अशी आरोळी देत होता. ती आरोळी लॅटिन कानाला ‘कावे ने एआस’ म्हणजे ‘सांभाळ, जाऊ नकोस’ अशीही ऐकू येते. क्रासस गेला, आणि दोन वर्षांनी कार्‍हे येथील लढाईनंतर मारला गेला. बाईंनी दोन्ही उच्चार आधी सावकाश आणि मग भरभर म्हणून दाखवले, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वेळी दोहोंतला फरक खरोखरच पुसला गेला. खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचा ओरडा चालूच होता, त्यामुळे तो प्रसंग समजावून सांगण्याची वेगळी गरज उरली नाही. असे शकुन मानायचे ठरवले, तर ठेच लागणे, वहाणेचा पट्टा तुटणे आणि शिंक येणे हेही मानावे लागेल, असे सिसेरो त्याच ठिकाणी म्हणतो. विशेष म्हणजे तो स्वतः रोमच्या अधिकृत शकुनज्ञांपैकी एक होता. ही यादी ऐकताना वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या घरातले कोणी ना कोणी आठवले असणार. माझ्या आजीने शिंकेसाठी थांबवले नाही, असा माझ्या लहानपणीचा एकही प्रवास मला आठवत नाही.

बाईंनी येथून पुढे मराठीकडे वळायला हवे होते, पण त्या वळल्या नाहीत. ते काम श्रोत्यांनी केले. एका गृहस्थांनी ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ही म्हण काढली, आणि मग निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणे, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून घरात वाईट न बोलणे, बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणणे, असे एकामागून एक निघत गेले. बोललेल्या शब्दाला शकुनाचे बळ देणारी एवढी उदाहरणे लॅटिनमध्ये तरी सापडतील का, असे मला त्या क्षणी वाटले. बाईंनी हे सारे कौतुकाने ऐकले, परंतु ते फळ्यावर लिहिले नाही आणि ठरलेल्या टिपणाकडे परतल्या. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरे सत्र पक्ष्यांचे होते. ‘ऑस्पिशियस’ म्हणजे शुभ, मंगल, हे आपण शाळेपासून पाठ करतो. मुळात हा शब्द ‘आविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे या दोन लॅटिन शब्दांपासून झाला आहे. म्हणजे निव्वळ पक्षीनिरीक्षण. रोममध्ये युद्ध, निवडणूक, सभा यांपैकी कोणतेही सरकारी काम सुरू करण्यापूर्वी आकाशात एक चौकट आखून तीत पक्षी कोणत्या बाजूने येतात, कसे उडतात, कसे ओरडतात हे पाहिले जाई. त्या आखलेल्या जागेला ‘तेम्प्लुम’ म्हणत. ‘टेंपल’ आणि ‘कंटेंप्लेट’ हे दोन्ही शब्द तेथूनच आले. मोहिमेवर कोंबड्यांचा पिंजरा बरोबर असे आणि त्यांनी दाणे हावरेपणाने टिपले तर शकुन चांगला मानीत. इसवी सनापूर्वी 249 मध्ये ड्रेपानाच्या आरमारी लढाईपूर्वी कोंबड्या दाणे टिपेनात, तेव्हा रोमन सेनापती क्लॉडियस पुल्केर याने ‘खात नसतील तर पाणी पिऊ द्या’ असे म्हणून त्या समुद्रात फेकल्या आणि त्या लढाईत बहुतेक जहाजे गमावली. ‘अंडर द ऑस्पिसेस ऑफ’ या शब्दप्रयोगाचे रहस्यही येथेच उलगडले : पक्षी पाहण्याचा अधिकार ज्याचा, त्याच्या नावावर विजय मांडला जाई, मग प्रत्यक्ष लढणारा दुसरा कोणी का असेना. आपल्या निमंत्रणपत्रिकांवर त्या जागी ‘यांच्या विद्यमाने’ असते. त्यात अधिकारापेक्षा उपस्थितीला महत्त्व आहे, हा फरक मी या निमित्ताने प्रथमच तपासून पाहिला.

संस्कृतात ‘शकुन’ म्हणजे मुळात पक्षीच, हे बाईंनी एका वाक्यात सांगून टाकले. मला वाटते, तेथे अर्धा तास थांबायला हवे होते. पक्ष्यांनी जिचे रक्षण केले ती शकुंतला. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाच्या अखेरीस पक्ष्याला ‘शुभ बोल’ अशी विनवणी करणारी सूक्ते आहेत. आणि आजही भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, कावळा ओरडला की पाहुणा येणार, टिटवी ओरडली की काही तरी अभद्र घडणार, असे आपण म्हणतो. ‘आविस’ला संस्कृतात ‘वि’ हा सगोत्र शब्द आहे आणि ‘स्पेकेरे’ला ‘पश्यति’. याचा अर्थ ‘ऑस्पिशियस’चे दोन्ही तुकडे आपल्याकडेही आहेत. पक्ष्यावरून शकुनाला नाव देण्याची कल्पना मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या शब्दांतून उतरली.

याच सत्रात बाईंकडून एक चूक झाली, आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. ‘ऑगर’ म्हणजे रोमन शकुनज्ञ, आणि या शब्दातही ‘आविस’ म्हणजे पक्षी आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. ही जुनी समजूत आहे. आजचे बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ ‘आउगेरे’ म्हणजे वाढवणे या क्रियापदाच्या कुळात मानतात. ‘ऑगस्ट’, ‘ऑथर’ आणि आपला ‘ओजस्’ हे त्याच कुळातले. शकुनज्ञ म्हणजे देवाकडून वृद्धी मिळवून देणारा. ‘इनॉगरेशन’ हा शब्द याच ‘ऑगर’पासून आला : शकुन पाहून एखाद्याला पदावर किंवा वास्तूला वापरात आणणे. आता आपल्या उद्घाटनाकडे पाहा. कोनशिलेपुढे, नव्या दुकानाच्या उंबऱ्यावर, सोसायटीच्या नव्या लिफ्टसमोरसुद्धा आपण नारळ फोडतो, पण ‘फोडला’ म्हणत नाही. ‘श्रीफळ वाढवले’ म्हणतो. इंग्रजी शब्दाच्या तळाशी दडलेली वृद्धी मराठीत उघडपणे जिभेवर आहे. हे मला घरी परतताना लोकलमध्ये सुचले, आणि पुढच्या शनिवारी मी ते मांडले तेव्हा बाईंनी आपली चूक ताबडतोब मान्य केली, पुढच्या तुकडीच्या टिपणात दुरुस्ती करण्याचे आश्वासन दिले आणि श्रीफळाचे उदाहरण वहीत टिपून घेतले. असे शिक्षक विरळा.

तिसऱ्या सत्रात अर्थाची घसरण हा विषय होता. ‘मॉन्स्टर’चे मूळ ‘मोनेरे’ म्हणजे बजावणे, सावध करणे. विलक्षण अवयव घेऊन जन्मलेले वासरू ही देवांनी दिलेली ताकीद मानली जाई. पुढे ताकीद मागे पडली आणि ते अक्राळविक्राळ शरीर तेवढे शब्दात उरले. मराठीतला ‘उत्पात’ अगदी याच वाटेने गेला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्पातांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे उत्पात म्हणजे संकटाची आगाऊ खूण. आज मुलांनी घरात उत्पात मांडला असे आपण म्हणतो तेव्हा ती खूण नसते, तो धुमाकूळच असतो. ‘अबॉमिनेबल’ म्हणजे किळसवाणा, हा शब्द ‘तो अपशकुन दूर जावो’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला, म्हणजे मूळ भाव जवळजवळ ‘इडापीडा टळो’ असा. आज अशुभसूचक अर्थाने वापरला जाणारा ‘सिनिस्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये नुसता डावा. रोमन शकुनज्ञ दक्षिणेकडे तोंड करीत, म्हणून त्यांची डावी बाजू पूर्वेची आणि शुभ होती. ग्रीक उत्तरेकडे तोंड करीत, म्हणून त्यांच्यासाठी डावे अशुभ. आणि शेवटी ग्रीकांचा पक्ष इंग्रजीपर्यंत पोचला. कोकणातला उजवा कौल आणि डावा कौल ठाऊक असलेल्या श्रोत्यांना हा भाग फार जवळचा वाटला.

चौथे सत्र घाईत उरकले गेले. ‘डिझास्टर’मधला प्रतिकूल तारा, ‘बोड’ म्हणजे शकुन सांगणे या क्रियापदामधला जुना इंग्रजी निरोप्या, हे सारे वीस मिनिटांत संपले. फक्त ‘हार्बिंजर’ मनात राहिला : सैन्याच्या किंवा राजाच्या आधी पुढे जाऊन मुक्कामाची सोय करणारा माणूस. आषाढी वारीत दिंडीच्या आधी पुढच्या तळावर पोचून तंबू ठोकणारे लोक डोळ्यांसमोर आले, आणि या शब्दासाठी ‘अग्रदूत’ हा मराठी शब्द मला आता अधिक शोभून दिसू लागला.

टिपणांचे कागद बारीक टंकात आणि केवळ इंग्रजीत होते, पंख्याच्या आवाजात मागच्या रांगेला ऐकू येणे कठीण होते, आणि शेवटच्या दिवशी प्रश्नांना वेळच उरला नाही. तरीही भाषांतर करणाऱ्यांनी, इंग्रजी शिकवणाऱ्यांनी आणि संस्कृताची थोडीफार ओळख असलेल्या कोणीही या वर्गाला जावे असे मी मनापासून सांगेन. लॅटिन ‘ओमेन’ शुभही असू शकतो आणि अशुभही, पण इंग्रजी ‘ऑमिनस’ फक्त अशुभाकडे झुकला, एवढे एक कळले आणि माझे वाक्य सुटले. त्या शांततेत शकुन असा घडलेलाच नव्हता, काही तरी वाईट घडणार असल्याची चाहूल तेवढी होती. मी ‘अभद्राची चाहूल देणारी शांतता’ असे लिहिले आणि संपादकांनी ते तसेच ठेवले.

पुढची तुकडी पावसाळ्यानंतर सुरू होणार आहे. टिपणात मराठी शब्दांचा एक स्तंभ घालावा आणि पक्ष्यांच्या सत्राला तीन तास द्यावेत, असे मी संयोजकांना लेखी कळवले आहे. त्यांनी तसे केले, तर ते एक सत्र मी पुन्हा शुल्क भरून ऐकणार आहे.