इंटरमिजिएटच्या तयार मार्गदर्शिका: भूमितीसाठी घ्या, स्मरणचित्रासाठी नको

शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की स्टेशनरीच्या दुकानांत या मार्गदर्शिकांच्या चळती लागतात. तिच्यातल्या इंटरमिजिएट या वरच्या पातळीच्या अ श्रेणीला दहावीत ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालक त्या घेतात आणि बऱ्याच शाळांत चित्रकलेचा तास त्यांतली पाने उतरवण्यात जातो.

भूमितीचा भाग खरोखर उपयोगी आहे. रचना पायरीपायरीने दिलेल्या असतात, त्या २एच पेन्सिलने गिरवाव्यात आणि उत्तराची रेषाच गडद करावी. अक्षरलेखनाचे तक्तेही ठीक, पण दोन अक्षरांमधले अंतर पट्टीने समान ठेवू नका. गोल अक्षरे जरा जवळ घेतली तरच शब्द एकसंध दिसतो.

खरे नुकसान स्मरणचित्रात, म्हणजे दिलेल्या विषयावर मनाने काढायच्या चित्रात होते. भाजीवाली, हंडा घेतलेली बाई, पतंग उडवणारा मुलगा अशा सुट्या आकृत्या मुले पाठ करतात आणि विषय येईल तशा जोडतात. पण प्रत्येक आकृती वेगळ्या नेत्रपातळीवरून काढलेली असते. बसलेली भाजीवाली वरून पाहिलेली, शेजारचे गिऱ्हाईक समोरून. मग बाजाराची जमीन दुभंगल्यासारखी दिसते. सपाट जागी उभ्या माणसाच्या नजरेने पाहिले, तर जवळच्या आणि लांबच्या मोठ्या माणसांची डोकी साधारण एकाच क्षितिजरेषेवर, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीच्या आडव्या रेषेवर येतात, लांबच्यांचे पाय मात्र वर सरकतात. एवढी एक गोष्ट समजली तर निम्मी चित्रे सुधारतील, आणि तीच या पुस्तकांत सापडत नाही.

स्थिरचित्रात, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्रातही तेच. पाठ केलेली छाया डावीकडची आणि परीक्षेच्या वर्गातली खिडकी उजवीकडे! शिवाय छापील गडदपणा गाठायला मुले ओल्या थरावरच दुसरा थर देतात आणि रंग मळतो.

याऐवजी तासाची पहिली दहा मिनिटे वर्गातल्याच एका मुलाला वाकलेला, दप्तर उचलणारा, ओणवा असा उभा करा आणि दोन-दोन मिनिटांची पाच रेखाटने करून घ्या. मग पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत एकाच विषयाच्या तीन मांडण्या, आधी क्षितिजरेषा आखून. रंग शेवटच्या दोन आठवड्यांत पुरे. मुलांचे हात आत्ताच मोकळे होतात, हे वय पाने उतरवण्यात घालवू नये.

घ्यायचीच असेल तर भूमितीची स्वतंत्र पुस्तिका मागा, आणि रचनेची प्रत्येक पायरी वेगळ्या आकृतीत दाखवली आहे का ते दुकानातच पाहा. सगळ्या पायऱ्या एकाच आकृतीत कोंबलेली पुस्तिका परत ठेवा.