अमायलॉइड की टाऊ?

१९०६ साली जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी, ज्यांचं नाव पुढे अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराला मिळालं, एका मृत रुग्णाच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला गुंता. थर बीटा-अमायलॉइडचे, गुंता टाऊ या प्रथिनाचा. या आजाराच्या संशोधनात नेम कोणावर धरायचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

अमायलॉइडची बाजू आनुवंशिकतेमुळे भक्कम आहे. ते ज्या प्रथिनापासून तुटून बनतं, त्याच्या जनुकात ठरावीक बिघाड असला की अल्झायमर तरुण वयातच गाठतो. औषधंही याच बाजूने आली. लेकानेमॅब या अमायलॉइड हटवणाऱ्या औषधाने १८ महिन्यांच्या चाचणीत रुग्णांच्या ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला. आकडा ऐकायला मोठा, पण रोजच्या जगण्यात हा फरक कितपत जाणवतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. शिवाय मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतोच. आणखी एक अडचण म्हणजे, मेंदूत भरपूर अमायलॉइड असूनही स्मरणशक्ती शाबूत असलेले वृद्ध सापडतात.

टाऊचं तसं नाही. निरोगी पेशीत ते सूक्ष्मनलिकांना, म्हणजे मालवाहतुकीच्या रुळांना, आधार देतं. बिघडलं की सुटतं, गुंततं आणि पेशी मरू लागतात. हा गुंता मेंदूत जसा पसरतो, तशी लक्षणं वाढतात. अमायलॉइडपेक्षा हा मेळ कितीतरी घट्ट बसतो. मात्र टाऊविरोधी अनेक प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) चाचण्यांत अपयशी ठरली, कदाचित गुंता पेशीच्या आत, त्यांना सहज पोहोचता न येणाऱ्या जागी असल्यामुळे.

माझा कल असा: सुरुवात अमायलॉइड करतं, नुकसान टाऊ. लक्षणांआधी रोखायचं तर पहिलं गाठावं, विसराळूपणा सुरू झाल्यावर दुसरं.