लेकासाठी घेतलेले इयरमफ: चार महिने वापरून

माझा मुलगा चौथीत आहे, ऑटिस्टिक आहे. देवगडजवळच्या आमच्या शाळेला पत्र्याचं छप्पर. जुलैत पावसाची सर आली की वर्गात ताशा वाजल्यासारखं होतं. तो कान दाबून बाकाखाली जाऊन बसायचा. हे इयरमफ, म्हणजे दोन्ही कान झाकून आवाज कमी करणारी कानझाकणी, ऑनलाइन ८९० रुपयांना मिळाले. आवाज पूर्ण बंद होत नाही, बोथट होतो. बाई जवळ येऊन बोलल्या की त्याला कळतं. एक दिवस पाऊस कोसळायला लागला, तर त्याने स्वतःच दप्तरातून काढून घातले आणि पाढे लिहीत राहिला. मी व्हरांड्यात उभी होते, डोळे भरून आले.

आपल्या दमट हवेत मात्र इयरमफच्या कानांवर बसणाऱ्या गाद्यांखाली घाम येतो. कानामागे पुरळ उठलं, म्हणून मी आतून सुती फडकं लावलंय. दिवसभर घालू देऊ नका, मग साधा आवाजही सोसत नाही.

आधीच्या शाळेने ‘मुलं हसतील’ म्हणून नकार दिला होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. गरजेप्रमाणे सोय मागणं हा मुलाचा हक्क आहे. मागवताना लहान मुलांचंच माप घ्या, मोठे सैल बसतात.