टिळकवाडीतला ४५ दिवसांचा स्पोकन इंग्लिश क्लास: मॅडमना पैकीच्या पैकी, नोट्सना भोपळा

हा क्लास कसा आहे असं तिघाचौघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतोय. क्लासचं नाव घालत नाही, उगीच वाद नको, बेळगावात टिळकवाडीत आहे आणि जिना चढून वर जायचं एवढंच सांगतो.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये डिस्पॅच बघतो. शाळा मराठी मीडियम, शॉपमध्ये निम्मं मराठी निम्मं कन्नड, आणि पार्टीला, म्हणजे समोरच्या कंपनीला, मेल मात्र इंग्लिशमध्ये. माझं इंग्लिश अगदीच टाकाऊ नव्हतं पण गाडी अडायची ती त्या दोन-तीन शब्दांच्या जुड्यांवर, इन स्पाइट ऑफ, ऑन बिहाफ ऑफ, अकॉर्डिंग टू असलं सगळं. कंपाउंड प्रीपोझिशन म्हणतात त्यांना, म्हणजे दोन-तीन शब्द मिळून एकाच शब्दयोगी अव्ययाचं काम करतात. एका मेलात मी "डिस्पाइट ऑफ युवर रिमाइंडर" लिहिलं आणि मालकांनी ते चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं. डिस्पाइटला ऑफ लागत नाही, इन स्पाइटला लागतं, हे तेव्हा कुणाला माहीत. त्याच संध्याकाळी जाऊन फी भरून आलो.

फी ४,५०० रुपये, वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ. "बॅचला फक्त २० जण" म्हणून सांगितलेलं, मोजले तर आम्ही ३८. फॅन दोनच, त्यातला एक नुसता आवाज करतो. पार्किंगचं तर बोलूच नका.

पण मॅडम! त्यांच्यासाठी मी अजून एकदा पैसे भरेन. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर बस काढली आणि विचारलं, बसमध्ये पुढं उभा होतो हे इंग्लिशमध्ये कसं सांगणार? खानापूरहून रोज अपडाऊन करणारा एक पोरगा होता, तो उठून म्हणाला, आय स्टूड इन फ्रंट ऑफ द बस. मॅडम म्हणाल्या, "अरे मग जिवंत कसा आलास रे?" सगळा क्लास फुटला. इन फ्रंट ऑफ द बस म्हणजे बसच्या बाहेर, चाकाखाली यायच्या जागी. आतमध्ये पुढच्या बाजूला असशील तर इन द फ्रंट ऑफ द बस. मध्ये एक 'द' आला आणि माणूस बसच्या आत गेला बघा.

त्यावरूनच मग पत्त्याची गोष्ट निघाली, कारण आपण सगळे सांगतो की आमचं घर देवळासमोर, आणि इंग्लिशमध्ये ठोकून देतो इन फ्रंट ऑफ द टेंपल. आपलं 'समोर' लई मोठं आहे, रस्त्याच्या पलीकडचंही समोर आणि दारात उभी केलेली गाडीही समोर. मॅडमचं म्हणणं, मध्ये रस्ता असेल नि घर तोंडासमोर असेल तर ऑपोझिट म्हणा, इन फ्रंट ऑफ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार घर देवळाच्या अंगणातच आहे. शेजारी बसणारी कन्नड मीडियमची मुलगी लगेच म्हणाली, आमच्यात पण असंच, मनेय मुंदे.

आणि इथंच मला पहिल्यांदा कळलं की आपण अडतो का. मराठीत हे शब्द नावाच्या मागं चिकटतात, घरा-समोर, पावसा-मुळे, माझ्या-ऐवजी. कन्नडमध्ये पण मागंच. इंग्लिशमध्ये तेच काम पुढं येतं आणि तेही तुकड्या-तुकड्यात, म्हणून आपण बोलताना एखादा तुकडा गाळतो नाहीतर जास्तीचा घालतो. मॅडम म्हणायच्या, तुकडे मोजू नका, 'बिकॉजऑफ' हा एकच शब्द समजून तोंडात बसवा.

बिकॉज आणि बिकॉज ऑफ यावर त्यांनी दोन दिवस घालवले आणि ते दोन दिवस फीच्या बरोबरीचे. आपलं 'मुळे' पावसालाही लागतं (पावसामुळे) आणि अख्ख्या घटनेलाही (पाऊस पडल्यामुळे). इंग्लिशमध्ये दोघांना वेगळं दार आहे. नुसतं नाम असेल तर बिकॉज ऑफ द रेन, कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य असेल तर बिकॉज इट रेन्ड. बिकॉज ऑफ इट रेन्ड म्हटलं की संपलं. जुलैत तर बेळगावात रोजच पाऊस, त्यामुळे प्रॅक्टिसला उदाहरणं कमी पडली नाहीत. ड्यू टू चं पण विचारलं मी, तर म्हणाल्या की जुने व्याकरणवाले ड्यू टू नं वाक्य सुरू केलं की नाक मुरडायचे, द डिले वॉज ड्यू टू रेन एवढंच त्यांना चालायचं, आता तसं कुणी अडवत नाही.

इन्स्टेड ऑफ मला सगळ्यात आवडलं. स्टेड म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये जागा, म्हणजे इन्स्टेड ऑफ हे शब्दशः आपलं 'च्या जागी' झालं की! आणि आपण जसं 'जा' ला थेट ऐवजी लावत नाही, 'जाण्याऐवजी' म्हणतो, तसंच तिकडं इन्स्टेड ऑफ गोइंग, इन्स्टेड ऑफ टू गो नाही. हे मला दहा वर्षं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असेल तर मी मागच्या बेंचवर होतो. 'अकॉर्डिंग टू मी' म्हणणं पण बंद केलं, अकॉर्डिंग टू हे दुसऱ्याचं मत किंवा वेळापत्रक सांगायला, स्वतःचं असेल तर सरळ आय थिंक.

आता तक्रार. या मॅडम ३० दिवसच होत्या, पुढचे १५ दिवस क्लासचे मालक सर आले आणि त्यांनी ११ पानांचा झेरॉक्स हातात दिला, ६० कंपाउंड प्रीपोझिशन, समोर मराठी अर्थ, पाठ करा. बाय व्हर्च्यू ऑफ, इन पर्सुअन्स ऑफ, इन रिस्पेक्ट ऑफ, सगळी कोर्टकचेरीची भाषा. अहो, दुकानात, बसस्टँडवर, फोनवर कोण बोलतंय बाय व्हर्च्यू ऑफ? रोजच्या बोलण्यात फिरून फिरून येतात ते आउट ऑफ, नेक्स्ट टू, अप टू, अपार्ट फ्रॉम, बिकॉज ऑफ, इन्स्टेड ऑफ असले दहा-पंधराच, आणि यातला नेक्स्ट टू त्या यादीत नव्हताच! ऑन बिहाफ ऑफ समोर 'च्या वतीने' एवढं छापून मोकळे, पण माझ्या वतीनं म्हणायचं तर ऑन माय बिहाफ होतं, 'ऑन बिहाफ ऑफ मी' होत नाही, हे मी मॅडमना जिन्यात गाठून विचारलं.

दुसरं म्हणजे ऐकायची प्रॅक्टिस शून्य. खरं इंग्लिश बोलणारे हे शब्द गिळतात, आउट ऑफ चं आउटा होतं, बिकॉज ऑफ मधला ऑफ तर जवळपास ऐकूच येत नाही. परवा पार्टीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरचा आउटा-स्टॉक आउटा-स्टॉक म्हणत होता आणि मी नवीन पार्टचं नाव समजून वहीत लिहून घेतलं. स्पोकन म्हणून फी घेता तर हे शिकवायला नको?

सरांना एकदा यादीतल्या इन ल्यू ऑफ चा अर्थ विचारला, तर म्हणाले 'च्या संदर्भात'. घरी येऊन डिक्शनरी बघितली, अर्थ निघाला 'च्या ऐवजी'. दुसऱ्या दिवशी नम्रपणे सांगितलं तर म्हणाले, ऑफिस इंग्लिशमध्ये चालतंय तसं.

तेव्हा जायचं असेल तर पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की मॅडम किती दिवस आहेत, आणि चालू फॅनखालची जागा धरा. सर्टिफिकेट मिळतं, लॅमिनेशन करून. माझ्या सर्टिफिकेटवर छापलंय, हे सर्टिफिकेट इन ल्यू ऑफ सक्सेसफुल कम्प्लिशन ऑफ द कोर्स देण्यात येत आहे. म्हणजे कोर्स पूर्ण करण्याऐवजी. आईनं ते फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय.