नव्याच्या भावात जुनी रॅम: म्हापशात झालेली फसवणूक

सध्या कुणी नवा डेस्कटॉप जोडून घेत असेल, तर रॅमचे पैसे देण्याआधी हे वाचावं. माझ्याकडून नव्या कोऱ्या जोडीचे पैसे घेतले आणि मशीनमध्ये बसवल्या त्या कुठल्यातरी ऑफिसच्या संगणकांतून काढलेल्या जुन्या स्टिक (रॅमच्या पट्ट्या), वरून काळं आवरण चिकटवून. दुकान म्हापशातलं. नाव लिहीत नाही, कारण मला ही पद्धत लोकांच्या लक्षात आणून द्यायची आहे, आणि ती एका दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

मी डिचोली-सत्तरी भागातल्या जत्रांमधल्या मराठी नाटकांचं चित्रीकरण आणि संकलन करते. तीन कॅमेरे, रात्रभराचं नाटक, सगळं फोर-केमध्ये. मंडळांना व्हिडिओ वेळेत हवा असतो, कारण गावातली माणसं तो वर्षभर बघतात, बाहेरगावच्या नातेवाइकांना पाठवतात. जुनं मशीन या कामाला पुरत नव्हतं. म्हणून रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन स्टिक असं ठरवलं. दोन अशासाठी की मेमरी आणि प्रोसेसरमधले दोन्ही चॅनेल, म्हणजे मार्ग, वापरले जातात. एकच ३२ जीबीची स्टिक लावली तर प्रोसेसरला मेमरीकडून मिळणारा वेग अर्धा होतो. आणि दोन वेगवेगळ्या सुट्या स्टिक न घेता कंपनीने एकत्र तपासून दिलेली जोडी घ्यावी, हेही ठरलेलं होतं.

या बोर्डावर डीडीआर४ पिढीची रॅमच चालते. पुढच्या पिढीच्या डीडीआर५ला पिना तेवढ्याच, २८८; पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा ओढा तिकडे आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार असल्याचं जाहीर केलं. नवा माल महाग झाला की जुन्या मालाला नवं करून विकण्यात पैसा दिसू लागतो. माझ्या बाबतीत तेच झालं.

मी मागितली होती ३२०० वेगाची, सीएल१६ची जोडी. सीएल म्हणजे माहिती मागितल्यापासून ती येईपर्यंतची थांबण्याची मात्रा, जितकी कमी तितकी बरी. हे दोन्ही आकडे मागावे लागतात. ३२०० आणि सीएल१६ म्हणजे माहिती यायला सुरुवात होईपर्यंत १० नॅनोसेकंद. ३२०० आणि सीएल२२ म्हणजे १३.७५. पाकिटावर दोन्हींच्या ३२००च लिहिलेलं असतं. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवलं, त्यात कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक, सीएल१६, सगळं व्यवस्थित होतं. हे कोटेशन पुढे फार उपयोगी पडलं.

जोडणी दुकानातच झाली. मशीन न्यायला गेले तेव्हा दुपारी दुकान बंद करायची घाई चालू होती. बोर्डाचा खोका दिला, प्रोसेसरचा दिला, पॉवर सप्लायचा दिला. रॅमचं पाकीट मागितलं तर म्हणे, "बाय, त्याला नुसतं प्लास्टिक असतं, पोरांनी टाकलं असेल." बिलावर लिहिलं होतं "रॅम ३२ जीबी". मॉडेल नाही, अनुक्रमांक नाही. मॉडेल लिहून द्या म्हटलं, तर उत्तर आलं, "वॉरंटी आमच्याकडे आहे, कांय जावचें ना (काही होणार नाही)."

पहिले काही दिवस मशीन छान चाललं. ब्राउझर, मेल, छोट्या क्लिप, कशातच अडचण नव्हती. मग एका पूर्ण नाटकाचं एक्सपोर्ट लावलं आणि मध्यावर निळा स्क्रीन आला. पुन्हा लावलं, वेगळ्या ठिकाणी बंद पडलं. एकदा फाइल पूर्ण झाली, पण मधल्या प्रवेशात चित्रावर हिरवे चौकोन. दुकानदाराची उत्तरं तयार होती: घरचं व्होल्टेज वरखाली होतं, तुमचं सॉफ्टवेअर बरोबर नाही, विंडोज पुन्हा घाला. विंडोजमधलीच मेमरी चाचणी त्याने माझ्यासमोर चालवून दाखवली, ती पास झाली. त्या चाचणीवर विसंबू नका, ती बऱ्याच चुका पकडत नाही.

घरी येऊन मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेतलं आणि मशीन त्यावरून सुरू केलं. हे विंडोजच्या बाहेर चालतं, मोफत आहे, आणि ३२ जीबीला कित्येक तास घेतं. रात्री लावून झोपावं. पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग लागली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, बंद करून वेग २४००वर आणला आणि पुन्हा लावलं. एकही चूक नाही. म्हणजे दोष बोर्ड, प्रोसेसर किंवा विजेपेक्षा स्टिकमध्येच असावा. त्यांनाच ३२०० झेपत नसावं.

मग संगणकातल्या भागांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं. त्यातल्या एसपीडीच्या पानावर स्टिक स्वतःबद्दल काय सांगते ते दिसतं. मॉडेल क्रमांक अगदी कोटेशनमधलाच. एक्सएमपीमध्ये १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३२००च. सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवतं, त्याने घाबरू नये. पण उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष बघितलं तर एक स्टिक २०१७ची, दुसरी २०१८ची. नव्या जोडीत दोन वेगळी वर्षं कशी येतील? केस उघडून स्टिक बाहेर काढल्या. दोन्हींच्या स्टिकरवर अनुक्रमांक एकच, शेवटच्या अंकापर्यंत. ब्रँडच्या सेवा केंद्राला फोटो पाठवले. हा अनुक्रमांक आमच्या मालाचा नाही, असं लेखी उत्तर आलं.

ते उत्तर आल्यावरच मी एका स्टिकचं आवरण सोडवलं. (खऱ्या स्टिकचं आवरण कुणी काढू नये, वॉरंटी जाते.) हेअर ड्रायरने थोडं गरम केल्यावर टेप सुटली. आत ऑफिसच्या संगणकात असते तशी साधी हिरवी पट्टी, जुन्या लेबलचा डिंक अजून चिकटलेला, आणि सॅमसंगच्या चिप. सॅमसंगच्या डीडीआर४ चिपच्या क्रमांकातली शेवटची अक्षरं वेग सांगतात: बीसीपीबी असेल तर २१३३, बीसीआरसी म्हणजे २४००, बीसीटीडी म्हणजे २६६६, बीसीडब्ल्यूई म्हणजे ३२००. माझ्या चिपवर बीसीआरसी होतं. सॅमसंगचा यात काही दोष नाही. त्यांनी २४००ची चिप २४०० म्हणूनच विकली होती, आणि २४००वर ती आजही नीट चालत होती.

ही लबाडी टिकते कशी, ते समजून घ्या. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते, डीडीआर४मध्ये ५१२ बाइटची. मशीन चालू होताना बायोस ती वाचतं आणि त्यात लिहिलेल्या वेगावर विश्वास ठेवतं. ती पुन्हा लिहिता येते. त्यात नव्या मॉडेलचा क्रमांक आणि ३२००चा एक्सएमपी घातला की संगणक स्वतःच खोटी साक्ष देऊ लागतो. माझ्या स्टिकवर तारीख बदलायची राहिली म्हणून ती दिसली. पुढच्या वेळी तीही बदललेली असेल. शिवाय जुन्या चिपपैकी काही नशिबाने जास्त वेग सोसतात, निदान हलक्या कामात. नुसतं टायपिंग करणाऱ्या माणसाच्या हे कधीच लक्षात येणार नाही. अधूनमधून मशीन अडकेल, तो विंडोजला बोल लावेल. आणखी एक गोष्ट दुकानदाराच्या पथ्यावर पडते: अस्सल ३२००ची जोडीसुद्धा एक्सएमपी चालू करेपर्यंत २१३३ किंवा २४००वर दिसू शकते. त्यामुळे नुसत्या २४००च्या आकड्यावरून खरं-खोटं कळत नाही.

सर्व्हरमधल्या रजिस्टर्ड स्टिक डेस्कटॉपच्या म्हणून खपवणं हा दुसरा प्रकार. डीडीआर४मध्ये त्या खाचेत बसतात, पण साध्या बोर्डावर मशीन सुरूच होत नाही, त्यामुळे तो लगेच उघड होतो. माझ्यासारखा प्रकार जास्त वाईट, कारण मशीन चालतं.

परत द्यायला गेले तेव्हा त्याने बिलावरची छापील ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. या ओळीला घाबरून लोक परततात, म्हणून हे स्पष्ट लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली नसेल तर ३० दिवस धरले जातात. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. तो म्हणाला, स्टिक तुम्हीच बदलून आणल्या नाहीत कशावरून? तेव्हा कोटेशन, यूपीआयची नोंद आणि सेवा केंद्राचं उत्तर समोर ठेवलं. तरी हालेना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार असल्याचं त्याला लेखी कळवलं. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यानंतर फोन आला आणि रॅमचे पैसे परत मिळाले. जत्रांच्या मोसमातलं माझं काम बुडालं, मंडळांचे बोल ऐकावे लागले, त्याची भरपाई कुणी दिली नाही.

पैसे देताना त्याने दोन्ही स्टिक मागून घेतल्या. आवरण पुन्हा चिकटवायला कितीसा वेळ लागणार? त्या दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये जातील अशी मला खरी भीती आहे. म्हणून बार्देश, डिचोली, पेडणे भागात कुणी अलीकडे दुकानातून मशीन जोडून घेतलं असेल, तर केस उघडून बघा. काळ्या आवरणाच्या कडेला, सोनेरी पिनांच्या वर, पट्टी हिरवी दिसते का? दोन्ही स्टिकरवर अनुक्रमांक एकच आहे का? सीपीयू-झेडमध्ये वर्ष जुनं दिसतं का? मग एक्सएमपी चालू ठेवून एक रात्र मेमटेस्ट८६ लावा, आणि हे सगळं ३० दिवस उलटायच्या आत करा. तशी जोडी निघाली तर मला कळवा. आवरणाखालचे फोटो, चाचणीचे निकाल आणि १९१५वरच्या तक्रारीचा मसुदा मी द्यायला तयार आहे.